बोलीकोशासाठी डेटाबेसची निवड : समता, अनुक्रम आणि मराठी शब्द

१. प्रश्नाचे स्वरूप

नाशिकच्या पंचवटीत अथवा त्र्यंबकेश्वरी एखादा यात्रेकरू आला, म्हणजे तेथील तीर्थोपाध्याय प्रथम त्याचे गाव आणि आडनाव विचारतात. एवढे कळले, की नेमकी वही उघडली जाते आणि त्या घराण्यातील पूर्वी येऊन गेलेल्या माणसांची नावे त्यास वाचून दाखविली जातात. पिढ्यान्‌पिढ्या जतन झालेली ही नोंदव्यवस्था आपल्या परीने परिपूर्ण आहे. परंतु त्याच वह्यांना जर आपण विचारले, की अमुक एका वर्षी आलेल्या यात्रेकरूंत ‘गोदावरी’ या नावाच्या स्त्रिया किती होत्या, तर उत्तर वह्यांत असूनही ते सहजी हाती लागणार नाही; त्यासाठी प्रत्येक वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागेल. माहिती आहे, परंतु तिच्यापर्यंत जाणारी वाट एकच आहे, आणि ती वाट वही बांधणाऱ्याने आरंभीच ठरवून टाकलेली आहे.

बोलींचा अभ्यास करणाऱ्यांची स्थिती पुष्कळदा अशीच असते. नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके म्हणजे बोलींचा एक मोठा मेळावाच होय. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या भागांत अहिराणी, सुरगाणा व पेठ या बाजूंस कोकणा आणि वारली, इगतपुरीच्या बाजूस डांगी, तर निफाड, सिन्नर, येवला या भागांत प्रमाण मराठीस जवळची परंतु स्वतःची लकब राखणारी बोली ऐकू येते. पदव्युत्तर विद्यार्थी या भागांत हिंडतात, वृद्ध माणसांपाशी बसून शब्द टिपून आणतात, आणि मग विभागात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात : हे शब्द संगणकावर कोणत्या डेटाबेसमध्ये ठेवावेत?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः संगणकशास्त्राच्या बाजूने दिले जाते. कोणती व्यवस्था वेगवान, कोणती फुकट, कोणती नामांकित, अशा कसोट्या लावल्या जातात. प्रस्तुत लेखाचा हेतू हा, की हाच प्रश्न भाषाशास्त्राच्या बाजूने तपासून पाहावा. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : शब्दसंग्रहासाठी डेटाबेस निवडताना पहिली कसोटी वेगाची नसून, ‘दोन मराठी शब्द समान केव्हा मानावयाचे?’ या प्रश्नाला ती व्यवस्था कोणते उत्तर देते, ही आहे.

२. चिठ्ठीपासून तक्त्यापर्यंत

कोशकार्याची आपली परंपरा चिठ्ठ्यांची आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले; त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांमधून शब्द वेचून जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचा संदर्भ व ग्रंथाचा निर्देश, आणि सर्व चिठ्ठ्या शब्दाच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या. शब्दावरून चिठ्ठी सापडते; परंतु एखाद्या ग्रंथातील सर्व शब्द हवे असल्यास अनुक्रमाची ती वाट उपयोगी पडत नाही. तीर्थोपाध्यायांच्या वहीची मर्यादा येथेही आहेच.

संगणकाच्या आरंभीच्या काळातील मोठ्या नोंदव्यवस्थाही अशाच एकमार्गी होत्या. माहिती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असे. मुळापासून फांदीकडे जाता येई, परंतु फांदीपासून फांदीकडे जाणे दुष्कर होई. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या रचनेवर मूलगामी आक्षेप घेतला. माहिती कशी साठविली आहे हे प्रश्न विचारणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी गणितातील ‘संबंध’ ही संकल्पना आधारास घेतली. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी. तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. आणि एका तक्त्याचे दुसऱ्याशी असलेले नाते हे साखळ्यांनी जोडून न ठेवता, दोहोंत आढळणाऱ्या समान मूल्यांवरून ओळखावे. या विचारासाठी कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९७४ साली आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण ठरली.

या प्रतिमानातील दोन गोष्टी भाषाशास्त्रज्ञाने विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की येथे सारे काही ‘समान मूल्य’ या कल्पनेवर उभे आहे. दोन तक्ते जोडावयाचे ते समान मूल्यांवरून. एखादी नोंद दुबार झाली की नाही हे ठरवावयाचे तेही समान मूल्यावरून. दुसरी ही, की तक्त्यातील ओळींना स्वतःचा असा कोणताही क्रम नसतो. क्रम हा नोंदीचा गुण नसून प्रश्नाचा गुण आहे. वर्णानुक्रमाने यादी मागितली, म्हणजेच क्रम निर्माण होतो. संख्यांच्या बाबतीत समता आणि क्रम ही दोन्ही निर्विवाद आहेत. शब्दांच्या बाबतीत तसे नाही, आणि मराठी शब्दांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

३. बोलीकोशाचे तक्ते

तथापि समतेकडे वळण्यापूर्वी बोलीकोशाची रचना डोळ्यांसमोर आणणे इष्ट होईल. तिच्यात किमान पाच तक्ते हवेत : गावांचा, भाषकांचा, संकल्पनांचा, रूपांचा आणि ध्वनिमुद्रणांचा. ‘मुलगी’ ही एक संकल्पना. बागलाणातील एका आजीबाईंनी तिच्यासाठी ‘आंडेर’ हे अहिराणी रूप दिले, ही रूपांच्या तक्त्यातील एक ओळ. तिच्यात संकल्पनेचा क्रमांक, भाषकाचा क्रमांक आणि प्रत्यक्ष रूप एवढेच येईल. त्या आजीबाईंचे वय, गाव, शिक्षण हे भाषकांच्या तक्त्यात एकदाच नोंदलेले असेल. दर शब्दापाशी ते पुनःपुन्हा लिहावे लागणार नाही, आणि म्हणून एका ठिकाणी ६५ व दुसऱ्या ठिकाणी ५६ असे वय पडण्याचा संभवही राहणार नाही.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. खानदेशी अथवा अहिराणी मात्र त्या खंडात नसून नवव्या खंडात, भिल्ली भाषांसमवेत, १९०७ साली आली. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे. वृक्षरचनेच्या संग्रहात शब्द टिपण्यापूर्वीच या प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, कारण अहिराणी कोणत्या फांदीवर बसवावयाची हे आधी ठरवावे लागते. तक्त्यांच्या रचनेत वर्गीकरण हा आणखी एक तक्ता होतो. तो बदलता येतो, किंबहुना दोन परस्परविरोधी वर्गीकरणे शेजारी शेजारी ठेवून त्यांची पारखही करता येते. टिपलेला शब्द मात्र जागचा हलत नाही.

आता आकारमानाचा अंदाज घेऊ. समजा, प्रत्येक तालुक्यातून ३ गावे, प्रत्येक गावातून ४ भाषक आणि प्रत्येकास १००० संकल्पना विचारल्या. भाषक १८० आणि रूपे १ लाख ८० हजार होतील. प्रत्येक संकल्पनेस दोन दोन रूपे मिळाली, तरी ओळी ३ लाख ६० हजारांच्या वर जात नाहीत. आजच्या कोणत्याही सामान्य संगणकावर कोणतीही संबंधनिष्ठ व्यवस्था एवढ्या ओळी विनासायास हाताळते. ध्वनिमुद्रणांचा पसारा मोठा : सेकंदास ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ अंक या प्रमाणाने एका तासाचे एकपदरी मुद्रण सुमारे ३४५ मेगाबाइट होते, आणि १८० तासांचे सुमारे ६२ गिगाबाइट. परंतु मुद्रणे स्वतंत्र फायलींत ठेवून तक्त्यात केवळ त्यांचा पत्ता नोंदावा हेच योग्य. तात्पर्य, वेगाच्या स्पर्धांचे जे आकडे ठिकठिकाणी वाचावयास मिळतात, त्यांचा आपल्या निवडीशी फारसा संबंध नाही.

४. दोन शब्द समान केव्हा?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपिचिन्हास एक क्रमांक दिलेला आहे, आणि शब्द म्हणजे अशा क्रमांकांची मालिका. दोन मालिका तंतोतंत एक असतील तरच शब्द समान, हा झाला एक नियम. प्रमुख अक्षरे पाहावीत आणि गौण चिन्हांकडे दुर्लक्ष करावे, हा दुसरा नियम. दुसरा नियम युरोपीय भाषांसाठी सोयीचा आहे. तेथे अक्षरावरील आघातचिन्ह गाळून लिहिले तरी वाचकास शब्द सापडावा, अशी अपेक्षा असते. असा नियम लावताना युनिकोडच्या सर्वसाधारण तुलनाकोष्टकाचा आधार घेतला जातो. या कोष्टकात नुक्ता आणि अनुस्वार ही दुय्यम प्रतीची चिन्हे ठरविलेली आहेत. गौण चिन्हे न मानणारा नियम निवडला, तर ‘भाडे’ आणि ‘भांडे’ हे दोन शब्द एक होऊन बसतात!

याहून सूक्ष्म उदाहरण मराठीच्या ‘ऱ’चे आहे. युनिकोडच्या दृष्टीने ‘ऱ’ म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता. त्यामुळे नुक्ता न मानणाऱ्या नियमास ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद दिसत नाही. अध्यापक आणि स्वयंपाकी, समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट प्रदेश ही एकाच नोंदीत कोंबली जातात. भाषाशास्त्रज्ञाची अडचण त्याहूनही पुढची आहे. मराठीतील च, ज, झ यांचे दंत्य आणि तालव्य असे दोन उच्चार लिपी दाखवीत नाही. म्हणून अभ्यासक दंत्य उच्चारास नुक्ता देऊन ‘ज़रा’, म्हणजे थोडे, आणि ‘जरा’, म्हणजे वार्धक्य, असा भेद करतात. ज्या चिन्हासाठी अभ्यासकाने कान देऊन श्रम केले, तेच चिन्ह तुलनेच्या वेळी व्यवस्था गाळून टाकते.

याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. समजा, एका विद्यार्थ्याने भाषकाच्या नोंदीत ‘भाडे’ हा शब्द भरला आणि एकच रूप दोनदा येऊ नये असा निर्बंध तक्त्यावर घातलेला आहे. पुढे तो ‘भांडे’ भरू लागतो, आणि ‘ही नोंद अगोदरच आहे’ असा निरोप येतो. विद्यार्थी समाधानाने पुढील शब्दाकडे वळतो. शब्द गेला. ‘भांडे’ अन्यत्र मिळेल. परंतु जिथे एकाच वृद्ध भाषकाच्या तोंडी राहिलेले बोलीतील रूप असे नाकारले गेले, तिथे ते पुन्हा मिळेल याची शाश्वती कोणी द्यावी?

उलट बाजूची अडचणही तेवढीच खरी आहे. डोळ्यांना एकच दिसणारे शब्द अनेक प्रकारांनी लिहिले जातात. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’ हे अक्षर टंकून त्यावर चंद्रचिन्ह देण्याची रीत होती आणि ती आजही पुष्कळांच्या हाती आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा र कोणी ‘ऱ’ वापरून लिहितो, तर कोणी साधा ‘र’ आणि हलन्त यांपुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. तंतोतंत तुलनेचा नियम लावला, तर हे सारे भिन्न शब्द ठरतात आणि एका शब्दाच्या दोन नोंदी होतात. युनिकोडने विहित केलेले सामान्यीकरण यातील काही भाग सोडविते : एकसंध ‘ऱ’ आणि नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’, तसेच ‘ज़’चे दोन्ही प्रकार, हे त्यायोगे एकरूप होतात. परंतु ‘ॲ’चे दोन प्रकार आणि अदृश्य जोडचिन्ह यांना ते सामान्यीकरण स्पर्श करीत नाही. तो नियम विभागाने स्वतः करावा लागतो.

म्हणजे आपणांस एकच समता पुरत नाही, तीन हव्यात. भाषकाकडून टिपलेले रूप जसेच्या तसे राहिले पाहिजे. लेखनाचे योगायोग काढून टाकलेले प्रमाणित रूप दुबार नोंद ओळखण्यास पाहिजे. आणि नुक्ता, अनुस्वार यांकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणारे शिथिल रूप शोधासाठी पाहिजे. हे काम एकाच स्तंभावर लादण्याऐवजी रूपांच्या तक्त्यात तीन स्तंभ ठेवावेत, आणि दुबारीचा निर्बंध मधल्या स्तंभावर भाषक व संकल्पना यांच्या क्रमांकांसह घालावा, हे श्रेयस्कर.

५. अनुक्रमाचा प्रश्न

कोश म्हटला की अनुक्रम आला. आपल्या शालेय वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत पुढे आहे, ‘क्ष’ हे स्वतंत्र चिन्ह नसल्याने तो ‘क’च्या पोटात, ‘कौ’च्याही पुढे, आणि ‘ज्ञ’ तसाच ‘ज’च्या पोटात जातो. संस्कृत आणि हिंदी कोशांच्या वाचकास हे खटकणार नाही. मराठी वाचकास खटकेल. ‘ॲ’ हे चिन्ह उशिरा आल्यामुळे त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पलीकडचा आहे, क्रमांकाप्रमाणे यादी लावली, तर ‘ॲसिड’ हा शब्द ‘होळी’नंतर येईल. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेच्या स्वरांत स्थान दिले. यंत्राचा क्रम मात्र त्यामुळे आपोआप बदलत नाही. अनुस्वाराचेही तसेच. बाराखडीत ‘कं’ शेवटास येतो. क्रमांकानुसार तो ‘कट’, ‘कमळ’ यांच्या आधी येतो.

यातील कोणता क्रम बरोबर, हे डेटाबेसने ठरवावयाचे नसून कोशकाराने ठरवावयाचे आहे. डेटाबेसकडून अपेक्षा एवढीच, की ठरविलेला क्रम त्यास सांगता यावा.

६. व्यवस्थांची तुलना

या दृष्टीने आज प्रचारात असलेल्या प्रमुख व्यवस्था पाहू.

एसक्यूलाइट ही रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेली व्यवस्था सर्वांत लहान होय. तिला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. सारा डेटाबेस एका फायलीत मावतो. स्वामित्वाचे कोणतेही बंधन नाही. मूळ नियम तंतोतंत तुलनेचा असल्यामुळे ‘भाडे’ आणि ‘भांडे’ यांची गल्लत येथे होत नाही. मराठी अनुक्रम मात्र बाहेरून जोडावा लागतो. एका वेळी एकासच लिहिता येते, आणि वापरणाऱ्यांना निरनिराळे अधिकार देण्याची सोय नाही. आणखी दोन गोष्टींविषयी सावध राहावे. तक्त्यांमधील नात्यांची तपासणी प्रत्येक वेळी मुद्दाम सुरू करावी लागते; तसेच संख्येच्या स्तंभात शब्द भरला तरी तो स्वीकारला जातो. यास आळा घालणारे काटेकोर तक्ते २०२१ पासून उपलब्ध आहेत, ते वापरावेत.

मायएसक्यूएल १९९५ पासून प्रचारात आहे. तिची कंपनी २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणि २०१० साली सन कंपनी ओरॅकलने घेतली. या घडामोडींच्या काळातच, २००९ साली, मूळ कर्त्यांपैकी एकाने मारियाडीबी ही शाखा वेगळी काढली. संकेतस्थळांसाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेत बहुधा यांपैकीच एक असते, म्हणून विभागांची गाठ यांच्याशी प्रथम पडते. येथे तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, संकेतन. या व्यवस्थेत ‘यूटीएफ-८’ या नावाने दीर्घकाळ जे चालत होते, त्यात एका चिन्हास तीनच बाइटांची जागा होती. देवनागरीस ती पुरते. परंतु २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात. मोडी कागदांवर काम करणाऱ्याने चार बाइटांचे संकेतनच निवडले पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये ते २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून गृहीत धरले जाते. दुसरी, तुलनेचा नियम. त्याच आवृत्तीपासून गृहीत धरलेला नियम गौण चिन्हे न मानणारा आहे. म्हणून शब्दांच्या स्तंभासाठी तंतोतंत तुलनेचा नियम स्पष्टपणे नमूद करावा. मराठीसाठी स्वतंत्र नियम या व्यवस्थेत अंतर्भूत नाही. अनुक्रमासाठी वेगळा स्तंभ ठेवून त्यात विभागाने केलेली क्रमकिल्ली भरणे हा मार्ग आहे. तिसरी, मूल्यांवरील निर्बंध. ‘वय १ ते १२०’ यांसारखी अट लिहिली, तर २०१९ पूर्वीच्या मायएसक्यूएलमध्ये ती वाचली जाई, परंतु पाळली जात नसे. जुन्या सर्व्हरवर काम असल्यास याची खात्री करून घ्यावी.

पोस्टग्रेसचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधनात आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हा प्रकल्प आरंभिला. १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल हे त्याचे नाव झाले. आपल्या कामाच्या दृष्टीने तिचे गुण असे. दोन शब्दांची समता ती मुळात तंतोतंत मानते, अनुक्रम कोणताही असो. म्हणजे समता आणि अनुक्रम यांची फारकत ती स्वतःच करते. २०१७ पासून युनिकोडच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयातील भाषावार अनुक्रम तिच्यात वापरता येतात. त्यांतील मराठीचा अनुक्रम ळ, क्ष, ज्ञ यांना ‘ह’नंतर बसवितो. अनुस्वाराचे स्थान मात्र आपल्या कोशाच्या संकेताशी ताडून पाहावे. शिथिल समता हवी असल्यास २०१९ पासून तीही मुद्दाम मागता येते, आणि सामान्यीकरणाची क्रिया २०२० पासून अंगभूत आहे. कोणी कोणत्या ओळी पाहाव्यात याचे नियंत्रणही तिच्यात आहे. भाषकांची नावे व गावे गुप्त राखण्याचे वचन आपण देतो, ते पाळण्यास याचा उपयोग होतो. दोषही सांगितला पाहिजे. तिची व्यवस्था पाहण्यास जाणकार माणूस लागतो. शिवाय अनुक्रमाचे नियम बाहेरच्या ग्रंथालयातून येत असल्याने, ते ग्रंथालय बदलले म्हणजे जुन्या सूची चुकीच्या ठरू शकतात. २०१८ साली लिनक्सच्या मूळ ग्रंथालयातील अनुक्रम बदलले, तेव्हा असे घडले. अशा वेळी सूची नव्याने बांधाव्या लागतात.

ओरॅकलची पहिली विक्रीयोग्य आवृत्ती १९७९ सालची, तर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १९८९ पासूनचा. दोन्ही समर्थ आहेत आणि भाषावार अनुक्रमाची सोय दोहोंत आहे. परंतु त्यांच्या पूर्ण परवान्याचा खर्च केवळ शब्दसंग्रहासाठी करणे समर्थनीय नाही. संस्थेत परीक्षा अथवा हिशोब यांसाठी त्या अगोदरच असतील आणि त्या सांभाळणारा मनुष्यही असेल, तरच त्यांचा विचार व्हावा.

७. निवडीची रीत

वरील विवेचनावरून ‘अमुक व्यवस्था सर्वश्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढणे गैर होईल. निवड परिस्थितीवर अवलंबून आहे. एकट्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी केलेला संग्रह, अथवा सुरगाण्यासारख्या भागात जाळ्याविना काम करावयाचे असल्यास, एसक्यूलाइट पुरेशी आहे. अनेक जण एकाच वेळी भरणा करणार, भाषकांची माहिती राखावयाची आणि कोश छापावयाचा, असा विभागीय प्रकल्प असल्यास पोस्टग्रेसला प्राधान्य द्यावे. संस्थेच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल अथवा मारियाडीबी हीच असेल, तर केवळ तेवढ्यासाठी हट्ट धरण्याचे कारण नाही. तुलनेचा नियम आणि संकेतन स्वतः नमूद केले, म्हणजे काम निर्धोक होते.

तथापि कोणतीही व्यवस्था पत्करण्यापूर्वी एक छोटी परीक्षा अवश्य घ्यावी. पुढील जोड्या तक्त्यात भराव्यात : भाडे आणि भांडे, आचार्यास आणि आचाऱ्यास, जरा आणि ज़रा. या सहाही नोंदी स्वतंत्र राहिल्या पाहिजेत. नंतर ‘ॲ’ने आरंभ होणारा एकच शब्द दोन्ही लेखनप्रकारांनी, आणि ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारांनी भरावा. प्रमाणित स्तंभात ते एकच झाले पाहिजेत. शेवटी कमळ, कंप, क्षमा, जमीन, ज्ञान, लाकूड, होळी, ॲसिड एवढ्या शब्दांची अनुक्रमे यादी मागावी आणि ती आपल्या कोशाच्या संकेताशी ताडावी. या परीक्षेस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाही, आणि तिचा निकाल कोणत्याही जाहिरातीहून अधिक विश्वसनीय असेल.

दुसरी दक्षता दीर्घायुष्याची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्याचे कोणतेही पान आज उघडून वाचता येते. उलट, युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविणाऱ्या फाँटांत टंकलेला पुष्कळ मजकूर, तो फाँट नाहीसा होताच, निरर्थक रोमन चिन्हांची रास होऊन पडला. डेटाबेसची व्यवस्थाही चिरंतन नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी सर्व तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत उतरवून, त्यांचा अर्थ सांगणारे एक टिपण जोडून, दोन निराळ्या ठिकाणी ठेवावेत. एसक्यूलाइटची फाइलही या कामी चालेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विदासंच जतन करण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिचा समावेश केलेला आहे.

८. समारोप

अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून बोलींच्या सर्वेक्षणाचे ग्रंथ सिद्ध केले, तेव्हा त्यांच्या हाती वही आणि लेखणी होती. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या सर्वेक्षणात शब्दांचे नकाशे संगणकावर पाहावयास मिळतात. साधने बदलली, परंतु ऐकलेला शब्द ऐकला तसा टिपावा आणि दोन शब्दांतील भेद टिपणाऱ्याच्या सोयीसाठी पुसू नये, हा दंडक बदललेला नाही. वहीच्या काळी हा दंडक टिपणाऱ्याच्या हाती होता. आता त्याचा काही भाग, बहुधा आपल्या नकळत, तुलनेच्या एका नियमाच्या हाती गेला आहे. तो नियम कोणता असावा हे ठरविणे संगणकशास्त्राच्या कक्षेत येत नाही; ते आपलेच काम आहे. बागलाणातील आजीबाईंनी ‘आंडेर’ म्हटले, तर तक्त्यात अनुस्वारासह ‘आंडेर’च राहिले पाहिजे, आणि पन्नास वर्षांनी विचारणाऱ्यास ते सापडले पाहिजे. निवड या कसोटीवर उतरली, की बाकीच्या गोष्टी गौण होत.